करंडक नव्हता तेव्हाचे मानकरी



परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली. पण बडगामच्या लढाईत मेजर सोमनाथ शर्मा धारातीर्थी पडले ते ३ नोव्हेंबर १९४७ रोजी. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी नौशेरा ते राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना रस्ता मोकळा करून दिला तो एप्रिल १९४८ मध्ये. तेव्हा हे पदक अस्तित्वातच नव्हते. तरीही दोघेही परमवीर चक्राचे मानकरी आहेत, कारण हे पदक १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले. कार्यालयीन मराठीत याला ‘पूर्वलक्षी प्रभाव’ म्हणतात. म्हणजे निर्णय आजचा, पण त्याचा अंमल मागच्या तारखेपासून.

इथे मध्ये फक्त दोन-तीन वर्षे गेली होती. सोबत लढलेले जवान हयात होते, अहवाल ताजे होते. पण मध्ये शंभर वर्षे गेली असतील, पाहिलेले एकही माणूस उरले नसेल आणि हाती फक्त जुने कागद असतील, तर मान कुणाला द्यायचा हे कसे ठरवायचे? मी गणित शिकवतो आणि सामन्याच्या दिवशी स्कोअररच्या टेबलाशी बसतो, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीच ओढून घेतो. त्याचे सर्वांत तपशीलवार उत्तर शोधले आहे ते अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अभ्यासकांनी. तो खेळ आपला नसला तरी त्यांची पद्धत आपल्या कामाची आहे.

चाळीस वर्षे रिकामी

अमेरिकेतली पहिली व्यावसायिक बेसबॉल लीग १८७१ मध्ये सुरू झाली आणि १८७५ पर्यंत चालली. १८७६ मध्ये तिची जागा नॅशनल लीगने घेतली, ती आजही आहे. मात्र हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला पुरस्कार देण्याची प्रथा १९११ मध्ये पडली. ह्यू चाल्मर्स नावाचे मोटार कारखानदार होते, ते विजेत्याला आपली मोटार भेट देत. तो पुरस्कार १९१४ मध्ये बंद पडला. पुढे लीगने स्वतःचे पुरस्कार दिले, आणि १९३१ पासून क्रीडापत्रकारांच्या संघटनेच्या मतदानाने आजचा ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ निवडला जातो. पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार तर १९५६ चा.

म्हणजे पहिली चाळीस वर्षे फलक कोराच आहे. त्या काळचे खेळाडू कमी प्रतीचे होते म्हणून नव्हे, तर तेव्हा कुणी पुरस्कार ठेवलाच नव्हता म्हणून. नंतरच्या अभ्यासकांनी आपापल्या परीने हा फलक भरायचा प्रयत्न केला. क्रिकेटमध्येही असे झाले आहे. ‘विस्डेन’ने जगातला अग्रगण्य क्रिकेटपटू निवडायला सुरुवात केल्यावर २००७ च्या अंकात १९०० पासूनच्या वर्षांची मागे जाऊन निवड केली. त्यात ब्रॅडमन दहा वेळा आला.

‘त्या वेळी दिलेला पुरस्कार खरा, मागाहून केलेली निवड खोटी’ असे कुणी म्हणेल, तर १९१० चा हंगाम आठवावा. चाल्मर्स यांनी त्या वर्षी सर्वाधिक बॅटिंग सरासरी असणाऱ्याला मोटार जाहीर केली होती. चुरस होती डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलंडचा नॅप लॅजवे यांच्यात. शेवटच्या दिवशी सेंट लुईसच्या संघाने कॉबवरच्या रागापोटी आपला तिसऱ्या बेसवरचा खेळाडू मुद्दाम खूप मागे उभा केला, म्हणजे लॅजवेने चेंडू नुसता हलकेच पुढे टाकला तरी हिट मिळावी. लॅजवेला त्या दिवशी ८ हिट मिळाल्या. गाजावाजा झाला, सेंट लुईसच्या मॅनेजरची नोकरी गेली, कॉब विजेता ठरला आणि चाल्मर्स यांनी मोटारी दोघांनाही दिल्या. पुढे सत्तर वर्षांनी नोंदी तपासताना दिसले, की कॉबचा एक सामना हिशेबात दोनदा धरला गेला होता. तो काढला की लॅजवे किंचित पुढे जातो. १९८१ मध्ये हे प्रसिद्ध झाले, पण बेसबॉलच्या आयुक्तांनी जुना निकाल बदलायला नकार दिला. त्या वेळचा निकालही माणसांनीच केलेला असतो, आणि माणसे रागावतात, बेरीज चुकतात.

पुरावा कोणता?

मागे वळून निवड करता येते ती हेन्री चॅडविक या माणसामुळे. हा जन्माने इंग्रज होता आणि अमेरिकेत क्रिकेटचे वार्तांकन करत असे. क्रिकेटच्या धावफलकावरून सुचून त्याने बेसबॉलसाठी कोष्टक रुळवले आणि सामन्यागणिक ते वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. त्याला ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात. बॅटिंग सरासरीच्या प्रसारातही त्याचाच वाटा मोठा. ही सरासरी म्हणजे मिळवलेल्या हिट भागिले बॅटिंगच्या संधी. दहा संधींत चार हिट म्हणजे ०.४००. आजच्या खेळात हंगामभर ०.३०० राखणारा बॅटरही उत्तम समजला जातो.

हीच जुनी कोष्टके सामन्यामागून सामना जुळवत अभ्यासकांनी १८७१ पर्यंतचे आकडे उभे केले. पण आकडा हातात आला म्हणजे निवड झाली असे नाही. पुढे चार अडचणी येतात, आणि प्रत्येकीसाठी एक खरा हंगाम घेऊ.

पहिली अडचण: नियम वेगळे

१८७१ चा बेसबॉल आज पाहिला तर ओळखू येणार नाही. पिचर चेंडू खांद्यावरून नव्हे, हात कमरेखाली ठेवून टाकत असे. तोही ४५ फुटांवरून. आजचे अंतर ६० फूट ६ इंच आहे, ते १८९३ मध्ये ठरले. (आपली क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची.) चेंडू उंच हवा की खाली, हे बॅटर पिचरला सांगू शके आणि पिचरला ते ऐकावे लागे. क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू झेलत. त्यामुळे हातातून सुटलेले चेंडू आणि त्यावर मिळालेल्या धावा भरपूर.

मोजण्याची रीतही बदलत गेली. १८८७ या एकाच वर्षी बॅटरला मिळालेला ‘वॉक’ हिट म्हणून धरला गेला. वॉक म्हणजे पिचरने ठरावीक संख्येने चुकीचे चेंडू टाकल्यामुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस. आपल्याकडे वाइडची धाव फलंदाजाच्या खात्यात घातल्यासारखेच हे. त्या हिशेबाने शिकागोचा कॅप ॲन्सन ०.४२१ सरासरीने नॅशनल लीगचा विजेता ठरला. नंतरच्या अभ्यासकांनी वॉक वगळले, तेव्हा ॲन्सन ०.३४७ वर आला आणि डेट्रॉइटचा सॅम थॉम्प्सन ०.३७२ सह पहिला झाला. एकाही सामन्याचा निकाल बदलला नाही, तरी विजेता बदलला.

मग खरा विजेता कोण? माझे मत असे की मोजमाप बदलायला हरकत नाही, कारण मोजणारे आपण आहोत. खेळाचा नियम मात्र मागे जाऊन बदलायचा नाही, कारण खेळणारे तो नियम समोर ठेवून खेळले. वॉकला हिट म्हणणे हे मोजमाप होते, ते सुधारले तर चालते.

याची उलट बाजू रॉस बार्न्समध्ये दिसते. त्या काळी चेंडूचा पहिला टप्पा हद्दीच्या आत पडला आणि मग तो वळून बाहेर गेला, तरी फटका वैध धरत. बार्न्स मुद्दाम असा फिरकीचा फटका मारी आणि क्षेत्ररक्षक चेंडूमागे बाहेर पळेपर्यंत बेसवर पोहोचलेला असे. १८७७ मध्ये हा नियम बदलला. त्याच वर्षी तो आजारीही पडला, आणि पुन्हा पूर्वीसारखा खेळला नाही. कुणी म्हणतात, त्याचे यश पळवाटेचे होते. पण ती वाट सगळ्यांनाच खुली होती. इतरांना ती साधली नाही, त्याला साधली. ते श्रेय कापून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरी अडचण: सामने थोडे

१८७१ मध्ये संघ जेमतेम तीस सामने खेळले. फिलाडेल्फियाचा ॲथलेटिक्स संघ २१ विजय आणि ७ पराभवांसह पहिला आला. त्याच संघाच्या लेवी मायर्लीने १३० संधींत ६४ हिट मिळवल्या. सरासरी ०.४९२! त्या वर्षी लीगची सरासरी ०.२८७ होती.

अकरावी-बारावीच्या कॅडेट्सनी इथे पेन्सिल हाती घ्यावी. समजा, मायर्लीची खरी ताकद ०.४०० ची होती. १३० संधींत त्याच्याकडून अपेक्षित हिट ५२. अशा वेळी प्रमाण विचलन किती? १३०, ०.४ आणि ०.६ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५.६. प्रत्यक्षात ६४ मिळाल्या, म्हणजे १२ जास्त, दोन प्रमाण विचलनांहून थोडे अधिक. असे क्वचित घडते, पण घडते. सहाशे संधींच्या आजच्या हंगामात हा योगायोग टिकत नाही, १३० संधींत टिकू शकतो.

म्हणून काही अभ्यासक मायर्लीला बाजूला सारून बोस्टनच्या रॉस बार्न्सकडे वळतात. त्याची त्या वर्षीची सरासरी ०.४०१, आणि ३१ सामन्यांत त्याने ६६ धावा पूर्ण केल्या. क्षेत्ररक्षणात तो कितीतरी सरस. मायर्लीचे क्षेत्ररक्षण कच्चे होते.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात ते वेगळे करायला हवेत. ‘या काळातला सर्वांत चांगला खेळाडू कोण?’ हा एक प्रश्न. ‘या हंगामात सर्वांत मोठी कामगिरी कुणी केली?’ हा दुसरा. हंगामाचा पुरस्कार दुसऱ्या प्रश्नाचा असतो. शौर्यपदकही विशिष्ट दिवशी केलेल्या कृतीसाठी मिळते, अंगी असलेल्या क्षमतेसाठी नाही. नशिबाची साथ असो वा नसो, त्या ६४ हिट पडल्या आणि त्यांचा संघ विजेता झाला. म्हणून १८७१ साठी माझे मत मायर्लीला. पण पूर्ण काळाचा विचार केला तर नाव बार्न्सचेच. १८७२ आणि १८७३ या दोन्ही वर्षी त्याची सरासरी ०.४३० च्या आसपास राहिली, आणि १८७२ ते १८७५ सलग चार वर्षे बोस्टनने विजेतेपद राखले.

तिसरी अडचण: श्रेय कुणाचे?

१८७६ हे नॅशनल लीगचे पहिले वर्ष. बार्न्स आता शिकागोत होता. त्याने ३२२ संधींत १३८ हिट, म्हणजे ०.४२९, आणि ६६ सामन्यांत १२६ धावा केल्या. त्याचा संघ ५२ सामने जिंकून पहिला आला. समोर दावेदार होता सेंट लुईसचा पिचर जॉर्ज ब्रॅडली. संघाचे ६४ सामने, आणि त्या प्रत्येक सामन्यात सुरुवातीचा पिचर तोच. १६ सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. हा विक्रम आजवर मोडलेला नाही, पुढे १९१६ मध्ये त्याची बरोबरी तेवढी झाली.

नुसते वाचले तर ब्रॅडलीला पर्याय नाही असे वाटते. पण कोष्टक नीट पाहा. त्याने ५७३ इनिंग टाकल्या. दर इनिंगला तीन बाद, म्हणजे एकूण सुमारे १७०० बाद. त्यांपैकी त्याने स्वतः, चेंडू बॅटला लागू न देता, बाद केलेले जेमतेम शंभर. उरलेले सोळाशे? ते उघड्या हातांनी झेल घेणाऱ्या आणि चेंडू अडवणाऱ्या आठ साथीदारांनी मिळवले. आजचा पिचर बऱ्याच बॅटर्सना एकट्याच्या बळावर परत पाठवतो. १८७६ मध्ये पिचर चेंडू टाकून खेळ सुरू करी, आणि खरी लढाई त्याच्या मागे होई.

म्हणून जुन्या हंगामांची निवड करताना पिचरच्या श्रेयातला मोठा वाटा क्षेत्ररक्षकांना द्यावा लागतो. किती द्यावा यावर अभ्यासकांची मते वेगळी आहेत, पण द्यायला हवा याबद्दल दुमत नाही. तो दिला की बार्न्स पुढे निघतो. १८७६ चे माझे मत बार्न्सला.

ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. कंपनी ठाणे जिंकते तेव्हा बातमीत नाव एकाचे येते. तोफखान्याने मारा करून वाट केली, सिग्नलच्या जवानाने तार जोडून ठेवली, ते नाव वाचणाऱ्याला दिसत नाही. शोधणाऱ्याला ते दिसले पाहिजे.

चौथी अडचण: समोर कोण होते?

१८८४ मध्ये युनियन असोसिएशन नावाची नवी लीग निघाली आणि एकाच वर्षात बंद पडली. त्यात सेंट लुईसच्या फ्रेड डनलॅपने ०.४१२ सरासरी काढली. त्याचा संघ ९४ सामने जिंकला, फक्त १९ हरला. पण त्याआधीच्या वर्षी, नॅशनल लीगमध्ये, त्याची सरासरी ०.३२६ होती, आणि नंतरच्या वर्षी तिथेच ०.२७०. माणूस तोच होता, मधल्या वर्षी समोरचे दुबळे होते. त्यामुळे आकड्याशेजारी प्रतिस्पर्ध्याचे बळ लिहिल्याशिवाय तो आकडा वाचू नये.

त्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबर्नने जे केले, ते मात्र कुठल्याही मापाने मोठे आहे. जुलैत संघाचा दुसरा मुख्य पिचर संघ सोडून गेला. त्यानंतर जवळजवळ सगळा भार रॅडबर्नवर आला. हंगामात त्याने ६७८ इनिंग टाकल्या, ७३ सामन्यांची सुरुवात केली आणि ७३ ही पूर्ण केले. संघाच्या ८४ विजयांपैकी ५९ त्याच्या नावावर आहेत. काही पुस्तकांत ६० दिसतात, कारण एका सामन्यात दुसरा पिचर आघाडी घेऊन बाजूला झाल्यावर रॅडबर्न आला. स्कोअररने विजय रॅडबर्नला दिला, आजचा नियम तो पहिल्याला देतो. ५९ असो की ६०, १८८४ चा मानकरी कोण याबद्दल मला शंका नाही.

पण याच वर्षातली आणखी एक नोंद विसरता येत नाही. टोलेडो संघाकडून मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर ४२ सामने खेळला. त्यानंतर काही वर्षांतच कृष्णवर्णीयांना या खेळाचे दार बंद झाले, ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. दार बंद करण्याच्या बाजूने उघडपणे उभ्या राहिलेल्यांत कॅप ॲन्सनही होता. म्हणजे आपण ‘सर्वोत्तम’ निवडतो ते आत येऊ दिलेल्यांमधून. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मुख्य लीगचा दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. जॉश गिब्सन ०.३७२ सरासरीसह कॉबच्या पुढे गेला. गिब्सन १९४७ मध्येच वारला होता.

बार्न्सला मात्र असा न्याय मिळालेला नाही. १९६९ मध्ये नोंदींच्या समितीने १८७१ ते १८७५ ची लीग विस्कळीत म्हणून मुख्य लीग धरली नाही. शिवाय हॉल ऑफ फेमसाठी दहा हंगाम लागतात, बार्न्सचे भरतात नऊ.

पुराव्याशिवाय दिलेला मान

मागे वळून न्याय कसा करू नये याचेही उदाहरण बेसबॉलमध्येच आहे, आणि त्यात एक कॅडेट आहे. बेसबॉलचा शोध कुणी लावला हे ठरवायला १९०५ मध्ये अब्राहम मिल्स यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. १९०७ च्या शेवटी आयोगाने जाहीर केले, की ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावी हा खेळ शोधला. डबलडे हे यादवी युद्धातले जनरल. फोर्ट समटरच्या बचावात होते, गेटिसबर्गला लढले. देशाच्या खेळाला असा जनक कुणालाही आवडावा. पुरावा म्हणाल तर एका वृद्ध गृहस्थाचे आठवणीवर आधारलेले पत्र. प्रत्यक्षात १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होते. त्यांनी स्वतः असा दावा कधी केला नव्हता, आणि आयोग नेमला गेला तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. एका सच्च्या सैनिकाच्या नावावर त्याने न केलेले काम चिकटले. हाही अन्यायच.

आपल्यासाठी

माजी कॅडेट भेटायला आले की ‘आमच्या बॅचसारखा बॉक्सर पुन्हा झाला नाही’ ही चर्चा ठरलेली, आणि पालकही ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करतात. ती जरूर करावी. फक्त चार प्रश्न विचारून करावी. तेव्हाचे नियम काय होते? सामने किती झाले? त्या यशात आणखी कुणाचा हात होता? आणि समोर कोण होते? उत्तर मिळाले नाही तर फलकावरची ती ओळ कोरी ठेवावी. कोऱ्या ओळीने कुणाचा अपमान होत नाही, खोट्या नावाने होतो.

आणि एक काम आजपासून करता येण्याजोगे आहे. मायर्ली, बार्न्स, ब्रॅडली यांच्याविषयी आज बोलता येते, कारण कुणीतरी सामन्याच्या दिवशी प्रत्येक बाद, प्रत्येक धाव कागदावर उतरवली. हाउस मॅच असली तरी स्कोअरबुक शाईने लिहा. तारीख, संघ, खेळाडूंची पूर्ण नावे, झेल घेणाऱ्याचे नाव, आणि बदली आला असेल तर कितव्या षटकात आला, हे सगळे लिहा. ज्या मुलाला आज कुठलाच करंडक मिळणार नाही, त्याचे काम पुढे कुणाला शोधायचे झाले, तर त्याला तुमचे तेच पान उघडावे लागेल.